पावणेपाच लिटरचा कॉम्प्युटर

माझा धंदा स्वयंपाकघरं बसवण्याचा. ओटा, कपाटं, खण, ड्रॉवर. गिऱ्हाईक म्हणतं, "या कोपऱ्यात काही मावणार नाही हो," आणि मी तिथे बाटल्यांचा खण, झाकणांचा खण आणि वर सासूबाईंना बसायला स्टूल काढून दाखवतो. रिकामी जागा दिसली की माझ्या हाताला खाज सुटते. बायको म्हणते, "तुला स्वर्गात खोली मिळाली ना, तर देवाला विचारशील, इथे माळा काढू का?"

त्याच खाजेतून मला छोट्या कॉम्प्युटरचं वेड लागलं. फोनवर आमचा एक गट आहे. आम्ही कॉम्प्युटर लिटरमध्ये मोजतो, दुधासारखा. डब्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. वीस लिटरवाल्याकडे आम्ही आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो. पाच लिटरच्या आत जो येतो त्याला मान. गटात एक जण तीन लिटरला पोचलाय. त्याचा कॉम्प्युटर चालू होत नाही, पण तो प्रश्न त्याला कुणी विचारत नाही.

आता आत्याचं सांगतो. माझी आत्या बस स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारायची. आवाज असा, की गाडी दोन तास उशिरा आहे हेसुद्धा परत एकदा ऐकावंसं वाटायचं. लग्न केलं नाही तिने. "सगळ्यांना गाडीत बसवून दिलं आणि माझीच पुकारायची राहिली," म्हणायची आणि स्वतःच हसायची. निवृत्त झाल्यावर ती अंध लोकांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागली. घरीच, मागच्या खोलीत. दार बंद, खिडकी बंद, भिंतींवर रजया टांगलेल्या आणि छताचा पंखाही बंद, कारण माइकला सगळं ऐकू येतं. त्या भट्टीत तिला दीड तासाच्या वर बसवायचं नाही.

त्या वर्षी ती एक जाडजूड कादंबरी वाचत होती. दीपगृहावर राहणारं कुटुंब, घरातून निघून गेलेली मुलगी, सदतीस प्रकरणं. सव्वीस झाली आणि तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू, जिवाला धोका नाही. आवाजाचं मात्र मी काही सांगू शकत नाही." ऑपरेशन सहा आठवड्यांनी ठरलं.

आत्याने विचारलं, "सहा आठवड्यांत अकरा होतील ना?"

"अकरा काय?" डॉक्टर म्हणाले.

"प्रकरणं."

होणार होती. एका प्रकरणाला तिला दोन दिवस लागायचे. बावीस दिवसांत पुस्तक संपून वर वीस दिवस आराम. अडचण एकच, तिचा जुना कॉम्प्युटर रेकॉर्डिंग सेव्ह करताना मध्येच गोठायचा. म्हणून तिने मला फोन केला.

"मापट्या," ती म्हणाली. लहानपणी मी दिसेल ते मोजत सुटायचो म्हणून तिने ठेवलेलं नाव. "मापट्या, ते सेव्ह करताना अडकतं बघ. तेवढं जरा बघून दे."

तेवढं. जुनी डिस्क काढायची, नवी लावायची. अर्ध्या तासाचं काम.

"आत्या, तू अजिबात काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी तुला नवीनच बांधून देतो."

बायको समोर बसली होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "तिने पंक्चर काढायला सांगितलं, तू गाडी कशाला बदलतोयस?"

"जुना आहे गं तो. मध्येच मेला तर?"

"मेला तर बघू. आत्ता जिवंत आहे ना?"

मी दुसऱ्या दिवशी जाऊन तो जुना कॉम्प्युटर पाहिला. टेबलाखाली म्हशीसारखा बसलेला. चाळीस लिटर तरी असेल. आत निम्मी जागा रिकामी, नुसती हवा! मागे पसरट ताटाएवढा एक पंखा संथपणे फिरत होता. मला तर ते बघवेना.

"मला नाही त्याचा त्रास," आत्या म्हणाली. "मांजरासारखा घुरघुरतो, बस्स. आणि ती घुरघुर कॉम्प्युटरच काढून टाकतो नंतर, एक बटण आहे."

हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. एकसारखा, बारीक, न बदलणारा आवाज रेकॉर्डिंगमधून एका बटणात निघतो. पण मी तिला म्हणालो, "माझ्या कॉम्प्युटरला तर तेवढाही आवाज नसेल." आणि त्याच दुपारी म्हैस घेऊन गेलो. आतली तिची रेकॉर्डिंगं काढून ठेवली आणि सांगाडा भंगारवाल्याला देऊन टाकला. तो म्हणाला, "चालू आहे का साहेब?" मी म्हणालो, "जागा किती खातो बघा की."

मग सुरू झाली खरेदी. आधी डबा ठरवला. पावणेपाच लिटर, पुठ्ठ्याच्या बूट-खोक्याहून लहान, राखाडी रंगाचा, अंगभर बारीक भोकं. शहाणा माणूस आधी काम बघतो, मग कामाला लागणारे भाग आणि शेवटी ते मावतील असा डबा. मी चप्पल आवडली म्हणून पाय कापायला निघालो होतो. प्रोसेसरवर बसवायचा जो थंडावा, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा गठ्ठा आणि वर पंखा, तो पन्नास मिलिमीटर उंच आला. डब्यात जागा सत्तेचाळीसची. आयुष्यभर लोकांचे ओटे मोजले आणि इथे तीन मिलिमीटरने तोंडावर आपटलो. तो परत पाठवला. दुसरा मागवला, ठेंगणा. त्याचा पंखाही ठेंगणा. लहान पंख्याचं लहान माणसासारखं असतं, तेवढंच काम करायला दुप्पट ओरडावं लागतं. हे सगळं होईस्तोवर बारा दिवस गेले.

त्या बारा दिवसांत आत्या काय करत होती? पुस्तक मांडीवर घेऊन पुढची प्रकरणं मनात वाचत होती, म्हणजे माइकसमोर अडखळायला नको.

सगळं बसल्यावर डब्यात एका बाजूला एक फट उरली. ग्राफिक्स कार्डाची. गेम खेळणाऱ्यांना लागतं ते, सिनेमाचं काम करणाऱ्यांना लागतं. पुस्तक वाचणाऱ्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

"मग बसवू नकोस," बायको म्हणाली.

"फट दिसते गं."

"कुणाला? आत्याला? ती काय डबा उघडून आत बघत बसणारेय?"

गटाला दिसणार होती, हे मी बोललो नाही. गटात 'सगळ्यात सुबक डबा' अशी स्पर्धा लागली होती. मी कार्ड बसवलं. ते काही न करता, नुसतं बसल्या बसल्या गरम व्हायचं. घरात पाहुणा येऊन काही काम करत नाही, पण जागा आणि चहा दोन्ही घेतो, तसं.

आता उष्णता आली, तर पंखा फिरणार. पंखा फिरला, तर आवाज. मी आत्याला शब्द दिला होता शांततेचा. मग मी एक अक्कल लढवली. पंख्याला हुकूम असा दिला, की पासष्ट अंशांपर्यंत हलायचंच नाही. पासष्ट झाले की पूर्ण जोरात सुटायचं आणि पंचेचाळीसवर आलं की गप्प. गटावर लिहिलं, 'आवाज शून्य.' बावन्न जणांनी अंगठा दिला.

तपासलं होतं मी, अगदी दोन तास तपासलं. पंखा एकदाही बोलला नाही. फक्त एवढंच की मी तपासलं माझ्या खोलीत, खिडकी उघडी टाकून, डोक्यावर छताचा पंखा गरगरत असताना. त्या वाऱ्यात तो डबा पासष्ट काय, साठलाही जाईना. आणि गेला असता तरी छताच्या पंख्याच्या घरघरीत मला कळलं नसतं. आत्या कुठल्या खोलीत बसते हे मला माहीत होतं. त्या खोलीच्या रजया टांगायला खिळे मीच ठोकले होते.

डबा नेऊन दिला. आत्याने तो तळहातावर घेतला, "अगं बाई, एवढासा? मूर्ती लहान पण कीर्ती महान!" आणि माझी पाठ थोपटली. मी त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, पण त्या थोपटण्याने चार बोटं उंच झालो. ऑपरेशनला तीस दिवस होते. अजूनही वेळ होता भरपूर.

आठवड्याने फोन केला. "मस्त आहे ना?"

"मस्त आहे रे," आत्या म्हणाली.

"आवाज शून्य!"

"हो ना. काय तरी केलंस बाई तू."

दहाव्या दिवशी स्पर्धेसाठी फोटो काढायला तिच्याकडे गेलो. मी फोटो काढत असतानाच पंखा सुटला. काय सांगू, टाचणीएवढ्या भोकातून वावटळ निघावी तसा. आत्या त्याच्यावरून मोठ्याने बोलायला लागली, "चहा घेणार का?" आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "बघ, कसा काम करतोय! थंड ठेवतो आत सगळं!"

"फार कामसू आहे," आत्या म्हणाली.

त्याच सुमाराला घसा राखायचा म्हणून तिने फोन घेणं बंद केलं आणि माझा नंबर घड्याळवाल्यांना दिला. घड्याळवाले म्हणजे वाचनालयाचे सभासद. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, मग डोळे गेले. आत्याचं प्रत्येक प्रकरण सगळ्यात आधी तेच ऐकायचे आणि दर रविवारी तिला फोन करून पुढचं मागायचे. दोघांची भेट कधी नाही. नुसता आवाजाचा घरोबा.

"बाईंना सांगा, घाई करू नका," ते मला म्हणाले. "हल्ली पळतात. बेचाळीस सेकंद पळतात, मग आवाज नव्याने सुरू होतो. परत बेचाळीस सेकंद."

"अहो काका, गोष्ट ऐका की. सेकंद कशाला मोजता?"

"मी कुठे मोजतो? कान मोजतात. कुठेतरी किल्ली देऊन थांबवल्यासारखं वाटतं. काही बिघडलंय का?"

"बिघडायला काय झालं? नवा कोरा आहे. आत्याचंच वय झालं आता. दम लागत असेल."

असं मी म्हणालो. हे वाक्य मी खोडून काढू शकलो असतो, तर बाकीचं सगळं तसंच ठेवायला माझी हरकत नव्हती.

बायको म्हणाली, "एकदा जाऊन बस ना तिच्याजवळ, ती वाचत असताना." मी म्हणालो, "शनिवारी जातो." शनिवारी स्पर्धेचा निकाल होता. दुसरा आलो. पहिला तो तीन लिटरवाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्याने सांगितलं, बत्तीस झाली. पाच राहिली. "राहू दे," म्हणाली, "सगळी पुस्तकं कुठे संपतात?" मला वाटलं, आजारपण आहे, थकली असेल. मी तिला समजावलंसुद्धा, "तू खूप केलंस."

ती दवाखान्यात असताना झालेली प्रकरणं वाचनालयाला पोचवायची होती, म्हणून मी तिच्या मागच्या खोलीत जाऊन डबा चालू केला. प्रकरण बत्तीस, तयार फाइल, पन्नास मिनिटं. त्याच्या शेजारी त्याच प्रकरणाची कच्ची फाइल होती, तिने कापायच्या आधीची. साडेसहा तास.

मला वाटलं, चुकून मशीन चालू राहिलं असेल. लावून ऐकलं.

आत्या वाचते. दीपगृहाचा जिना, मुलीची आई कंदील घेऊन उतरतेय. भराभरा वाचते, धाप लागेल अशी. चाळीस सेकंदांनी मागून वावटळ सुटते आणि आत्या वाक्याच्या मधोमध थांबते. मग चार-साडेचार मिनिटं नुसता पंखा. मग पंखा गप्प, आणि आत्या अर्धं वाक्य तिथूनच उचलते, त्याच सुरात, जणू मध्ये काही झालंच नाही. परत चाळीस सेकंद.

तीस वर्षं उशिराच्या गाड्यांची सवय असलेली बाई. ती माझ्या पंख्याच्या वेळापत्रकाने वाचत होती.

आणि त्या चार-साडेचार मिनिटांत ती त्याच्याशी बोलायची.

"झालं? नाही? घ्या, अजून घ्या श्वास. तुमचा झाला की मग मी घेते."

"अरे, ती बाई कंदील घेऊन मधल्या पायरीवर उभी आहे. विझेल ना कंदील. आवर."

"काल तुला उशीखाली ठेवलं तर जास्तच भुंकलास. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ते हेच."

एका ठिकाणी पंखा चालूच आहे. मग हळूच म्हणते, "सांगू का त्याला?" आणि थोड्या वेळाने, "नको. केवढ्या हौसेनं केलंय पोराने."

मी ते तिथेच बंद करून घरी जायला हवं होतं. पण ती अख्खी फाइल ऐकली, आणि तिच्या पुढचीही. तीन दिवस दुपारी दुकान बंद ठेवून, दार-खिडकी लावून, तिच्याच खुर्चीत बसून. दीड तासाने शर्ट पाठीला चिकटायचा आणि डोकं गरगरायचं. ती हे साठीच्या पुढे रोज करत होती. शेवटची फाइल तेहेतिसाव्या प्रकरणाची. दोन ओळी वाचते, पंखा सुटतो, थांबते. पंखा बंद होतो. पण ती सुरू करत नाही. "आज राहू दे," म्हणते, कुणाला ते कळत नाही. खुर्ची सरकते. रेकॉर्डिंग बंद करायचं ती विसरलीये. पुढे अकरा मिनिटं पंखा येतो आणि जातो, येतो आणि जातो.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली. आवाज गेला नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. कागद फाडताना येतो तसा एक आवाज उरला. घरी आल्यावर पाचव्या दिवशी तिला थोडं बोलायची परवानगी मिळाली, तेव्हा मी विचारलं, "का नाही सांगितलंस मला?"

"तू विचारलंस कधी?"

"विचारलं की! दर वेळी विचारायचो!"

"तू म्हणायचास, मस्त आहे ना." तिने पाण्याचा घोट घेतला. "त्याला माणूस काय उत्तर देणार, मापट्या?"

मग मी जे करायचं ते केलं, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. भलामोठा डबा आणला, पंचेचाळीस लिटरचा. मागे ताटाएवढा पंखा, संथ. ग्राफिक्स कार्ड नाही. आत इतकी रिकामी जागा की पूर्वीच्या मला झोप आली नसती. बांधायला एक दुपार लागली. गटाला फोटो पाठवला नाही. गटातून कधी बाहेर पडलो तेही कुणाला कळलं नाही.

आत्याने माइक पुढे ओढला. तेहेतिसाव्या प्रकरणाची पहिली ओळ वाचली. मग हेडफोन लावून स्वतःच ऐकली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. स्टँडवर रद्द झालेली गाडी ती अशाच चेहऱ्याने पुकारत असणार. तिने ती ओळ पुसून टाकली आणि माइक माझ्याकडे सरकवला.

"मी?" मी म्हणालो. "मला कुठे येतं?"

तिने पुस्तक उघडून माझ्या पुढ्यात ठेवलं.

पाच प्रकरणं वाचायला मला महिना लागला. ती शेजारी पेन्सिल घेऊन बसायची. चुकलं की टेबलावर टक्. पहिल्या पानाला सतरा वेळा टक् झालं. मी स्वल्पविरामाला थांबत नाही, प्रश्नाला वर जात नाही, आणि माणसं बोलतात तिथे मी ओट्याचं माप सांगतोय असं वाटतं. हे शेवटचं तिने कागदावर लिहून दाखवलं. कधी कधी ती एखादा शब्द ओठांनी म्हणून दाखवायची, आवाज न करता, आणि मला नेमका कळायचा तो कसा म्हणायचा ते. मग मी म्हणायचो, आणि तो तसा यायचा नाही.

शेवटचं प्रकरण वाचनालयाला दिलं त्याच्या तिसऱ्या दिवशी घड्याळवाल्यांचा फोन आला. मी आत्याकडेच होतो, ती समोर खुर्चीत बसलेली. फोन मी मोठ्या आवाजावर टाकला.

"ऐकली पाचही," ते म्हणाले.

"कशी वाटली?"

"शब्द स्पष्ट आहेत."

"बरं."

"म्हणजे ती पोरगी शेवटी परत आली म्हणता?"

"हो. परत येते. आई दार उघडते."

"असेल."

"असेल काय काका, पुस्तकात छापलंय!"

"छापलं असेल हो. तुम्ही म्हणता म्हणजे आलीच असेल ती. बाईंनी सांगितलं असतं, तर मला जिन्यावर तिची पावलं ऐकू आली असती. एवढंच. तुमचा दोष नाही तो."

मी तोंड उघडलं. होता माझा दोष, पूर्ण पावणेपाच लिटर होता. पण आत्याने बोट ओठांवर ठेवलं.

"आता कशा आहेत बाई?" त्यांनी विचारलं. "देता का जरा फोन?"

मी आत्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको. जोरात नाही, अगदी हळू.

"झोपल्या आहेत," मी म्हणालो.

सकाळचे अकरा वाजले होते, आणि हे मी कुणाला सांगत होतो, तर घड्याळवाल्यांना.

"बरं," ते म्हणाले. "झोपू द्या."